पत्रा कुणाला बांधायचा

हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात सुईवालीच्या घरचं जाळं तीनदा फाटलं, आणि तिन्ही वेळा ते टोळाने फाडलं.

टोळ म्हणजे ते नवं यंत्र. ना धड विमान, ना धड होडी. पंख आहेत म्हणावं तर आभाळात चढत नाही, पाण्यावर चालतं म्हणावं तर पाण्याला शिवत नाही. दोन पुरुष उंचीवरून, पोटाखाली वारा दाबून धरत सुसाट जातं. पलीकडच्या शहराला पोचायला होडीला अर्धा दिवस लागतो, तिथे हे बसल्या बैठकीला पोचतं. जाईना का बापडं, कुणाचं काय जात होतं! पण त्याची उतरायची जागा खाडीच्या तोंडाशी, वस्तीच्या पाच जाळ्यांच्या रांगेला लागून. उतरताना त्याचं पोट पाण्याला टेकलं की ते शंभर दीडशे हात पाणी नांगरत जायचं, आणि मध्ये जाळ्याचा दोर आला की दोरही नांगरायचं. आतली माणसं खिडकीतून हात हलवायची.

तिसऱ्यांदा जाळं फाटल्यावर पाची घरं बंदर कचेरीत गेली. साहेब भला माणूस होता, त्याने सगळ्यांना बसायला सांगितलं. खुर्च्या दोनच होत्या ही गोष्ट वेगळी.

"नियम तुमच्याच बाजूचा आहे," साहेब म्हणाला. "टोळाने प्रत्येक होडीला वाट द्यायची."

"मग देत का नाही?" तांडेलाने विचारलं. तांडेल म्हणजे पाची होड्यांतला वडीलधारा. त्याचा शब्द खाली पडत नसे.

"दिसलं तर देईल ना! तुमच्या होड्या लाकडी, बुटक्या, पाण्याच्याच रंगाच्या. त्या वेगात डोळ्याला दिसेपर्यंत तो अंगावर आलेला असतो."

"म्हणजे आम्ही मेल्यावर दिसणार," सुईवालीचा दीर पेंग्या म्हणाला आणि सगळे हसले. साहेब हसला नाही. त्याने कपाटातून पाच पत्रे काढून दिले, एका होडीला एक. पत्रा म्हणजे धातूचे आडवेउभे तुकडे एकमेकांत खोचून केलेलं कलिंगडाएवढं फूल. ते काठीवर उंच बांधायचं. मग टोळाच्या पडद्यावर ठिपका उमटतो, आणि ठिपका दिसला की चालक वळून जातो.

त्या दिवशी घरी आल्यावर सुईवालीने फाटलेलं जाळं ओट्यावर पसरलं. तिला सुईवाली म्हणत ते उगाच नाही. वस्तीत तिच्यासारखी जाळ्याची गाठ कुणाला मारता येत नसे; तिने शिवलेला तुकडा कुठे सुरू होतो ते शोधून दाखवायची पैज लागायची. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला सासू, आणि मध्ये नवरा अंगठ्याचा फोड दाताने फोडत बसलेला. दोराने कापलेला त्याचा अंगठा आठ दिवस बरा होत नव्हता. दीर पेंग्या भिंतीला टेकून झोपला होता. त्याचं नाव पडलं ते असंच. तो उभ्या उभ्या, खाता खाता, एकदा तर स्वतःच्या लग्नाची बोलणी चालू असताना झोपला होता. ती बोलणी मग तिथेच थांबली.

पत्रा मध्ये ठेवलेला होता. सुईवाली त्याच्याकडे बघत म्हणाली, "हा होडीला कशाला हवाय?"

"साहेबाने सांगितलंय म्हणून," नवरा म्हणाला.

"अहो, होडी काय, पळू शकते. जाळं बिचारं जागच्या जागी बांधलेलं. त्याला कुठे पळता येतंय? ठिपका दिसला की तो वळतो ना? मग ठिपका जाळ्यावर ठेवा."

सासूने मान वर केली. "बाईला डोकं आहे. नवऱ्याच्या मानाने बरंच आहे."

त्या घरात नवी वस्तू आधी जाळ्याला लागायची. नवा दोर आला, जाळ्याला. चांगला तरंगता बोया मिळाला, जाळ्याला. होडी जुन्या फळ्यांवर चालायची. सासरा अडकलेलं जाळं सोडवायला पाण्यात उतरला होता तो वर आला नाही, त्यालाही बारा वर्षं झाली. सासू ते सांगताना दर वेळी शेवटी म्हणायची, "पण जाळं आलं हो वर. एक गाठ सुटली नव्हती." पत्रा जाळ्याच्या काठीला बांधायचं ठरलं, त्यावर कुणी दुसरा शब्द काढला नाही. गाठ सुईवालीने स्वतःच्या हाताने मारली.

आणि चमत्कार झाला म्हणा. आठ दिवस जाळ्याला भोक नाही. टोळ यायचा, पत्र्याआधी पंख कलता करायचा आणि बाजूने निघून जायचा. शेजारच्यांची जाळी दोनदा फाटली, यांचं शाबूत. मग काय, एकाने पाहिलं, दुसऱ्याने विचारलं, तिसऱ्याने केलं. आठवड्यात पाचही पत्रे होड्यांवरून उतरून जाळ्यांवर गेले. तांडेल स्वतः दारात आला. "सुईवाले, कचेरीत बसलेल्यांना जमलं नाही ते तू केलंस." तिला इतकं बरं वाटलं की तिने दिवसभरात आरसा दोनदा पाहिला. पुढे हे आठवलं की तिला स्वतःचीच चीड यायची.

नवव्या दिवशी नवऱ्याचा हात मनगटापर्यंत सुजला. वल्हं धरवेना. म्हणून पेंग्यासोबत सुईवाली गेली.

जाळं लावून झालं की होडी चाळीस हात खोल अंगाला न्यायची, यंत्र बंद करायचं आणि गप्प बसायचं, ही त्या पाण्यावरची रीत. मासा किनाऱ्याच्या अंगाने येतो, त्याला होडीची सावली दिसू नये म्हणून. पाच जाळ्यांची रांग, आणि पलीकडे खोल अंगाला पाच होड्यांची रांग. आजे-पणजे असेच बसले. पेंग्या तळाशी आडवा झाला आणि घोरायला लागला. सकाळचं धुकं असं दाट होतं की शेजारची होडी म्हणजे नुसता डाग दिसत होती.

आधी तिला वाटलं कानच गुणगुणतोय. मग धुक्यातून टोळ निघाला, थेट जाळ्याच्या रोखाने. ती बघत असतानाच त्याने पंख कलता केला, जाळ्यापासून वळला, आणि आला तो सरळ त्यांच्या अंगावर. तिने ओरडायला तोंड उघडलं, त्यात वाराच भरला. होडी कलंडता कलंडता राहिली. डबा, पाण्याची बाटली, डोक्याचा रुमाल, सगळं पाण्यात. मागे खरकट्या तेलासारखा वास उरला.

पेंग्या उठून बसला. "काय झालं?"

"टोळ गेला. आपल्या डोक्यावरून."

"जाळं?"

"जाळं आहे."

"मग किंचाळतेस कशाला, वहिनी? माझी झोप मोडलीस," असं म्हणून तो पुन्हा आडवा झाला.

होडीच्या बांबूचा शेंडा वीतभर मोडून गेला होता. ती त्या मोडलेल्या टोकाकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं. पत्रा दिसला की तो वळतो. पण वळतो कुठे? किनाऱ्याकडे खडक, म्हणजे दर वेळी खोल अंगाला. आणि खोल अंगाला कोण बसतं? आपणच बसतो. पाच होड्या, अकरा माणसं, यंत्रं बंद करून, अर्धी झोपलेली. जाळ्याला राखण बसवली आणि राखणदाराने टोळ माणसांवर सोडला. ही अक्कल कुणाची? तिची.

संध्याकाळी ती वस्तीत विचारत फिरली. ऐकावं ते नवलच! प्रत्येक होडीची एक गोष्ट होती, आणि प्रत्येकाने ती हसत सांगितली. एकाची टोपी उडाली होती. एकाच्या हातातला चहा सांडला होता. "असा गेला की डोक्यावर भांग पाडून गेला," एकजण म्हणाला.

तिने मोडका बांबू तांडेलापुढे धरला. त्याने तो नखाने कोरून पाहिला.

"बांबू जुना होता."

"अहो, टोळाने मोडला. एक हात खाली असता तर..."

"एक हात खाली नव्हता ना? पत्रे जाळ्यांवर गेल्यापासून कुणाचं जाळं फाटलं?"

"नाही."

"मग? तूच सांगितलंस, आम्ही ऐकलं. आता तूच उलटं सांगतेस. बाई, एका बाजूने तरी बोल."

"मग होड्या किनाऱ्याच्या अंगाला तरी लावा."

"म्हणजे मासाच नको. छान!" ओट्यावर बसलेले हसले. ती बांबू काखेत मारून निघाली, तर मागून कुणीतरी म्हणालं, की एकदा होडीत बसवली तर बाई तांडेल व्हायला निघाली.

दुसऱ्या दिवशी ती बंदर कचेरीत गेली. साहेब नव्हता, कारकून होता. तिने आणखी पाच पत्रे मागितले, होड्यांसाठी.

"होड्यांसाठी दिलेत की."

तिची नजर खिडकीतून पाण्याकडे गेली. कारकुनाने चष्मा काढला. "कुठे आहेत ते? जाळ्यांवर? हे लेखी दिलंत तर मी पाचही होड्यांचे परवाने आजच अडकवून ठेवतो. देता का लेखी?" तिने नकाराची मान हलवली. "मग मी ऐकलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. आणि जपा जरा, उद्यापासून फेऱ्या दोनाच्या चार होतायत. चालकही नवे आलेत."

घरी येऊन तिने नवऱ्यापुढे हात जोडले. उद्या मोठी भरती होती, पाचही होड्या जाणार होत्या, आणि हात सुजलेला असूनही तोही निघणार होता.

"आपला पत्रा काढून होडीला बांधा."

"आणि जाळं?"

"जाईल तर जाऊ दे."

"जाऊ दे म्हणे! मग काय, तुझ्या जिभेचं जाळं करून लावू?" तो दुखऱ्या हाताकडे बघत बोलत होता. "आणि आपला एकट्याचा काढून काय होणार? शेजारच्याचा ठिपका आहेच. तो त्याला आपल्यावर ढकलणारच."

म्हणजे त्याला समजलं होतं. तिला त्याचाच जास्त राग आला.

"तुम्हाला पटतंय! मग तुम्ही सांगा ना तांडेलाला. पुरुषाचं ऐकतील."

"मला काही पटत नाही," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

सासू चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "जाळ्याला हात लावू नकोस, बये," एवढंच ती म्हणाली.

सकाळी उजाडता उजाडता पाचही होड्या गेल्या. त्या गेल्यावर सुईवालीने लहान डोंगी पाण्यात ढकलली. धुकं परवासारखंच होतं. वल्ही मारताना तोंड मागे असतं, त्यामुळे तिला समोरचं काही दिसत नव्हतं, दिसत होती ती मागे सुटणारी वस्ती, आणि काठावर उभी राहिलेली सासू. सासू ओरडली नाही. नुसती उभी होती.

पहिली काठी घरच्याच जाळ्याची. गाठ सुटेना, तिचीच गाठ होती, सुटणार कशी! तिने ती सुरीने कापली. दुसरी कापली, तिसरी कापली. तळहाताची कातडी वल्ह्याला चिकटून निघाली होती. चौथ्या काठीशी तांडेलाच्या माणसाने तिला पाहिलं.

"अगं ए! काय करतेस? पत्रा काढते आहे ती! धरा तिला!"

होड्यांची यंत्रं एकेक करत सुरू व्हायला लागली, धुक्यात खोकल्यासारखी. तिने पाचवा पत्रा कापला आणि सगळी ताकद लावून डोंगी खोल अंगाला, होड्यांच्या रांगेपुढे घातली. पाचही पत्रे वल्ह्याच्या टोकाला ओवले. नवऱ्याचा आवाज आला, "वेडी झालीस का गं?" आणि त्या आवाजामागून ते गुणगुणणं.

ती उभी राहिली. डोंगी पायाखाली डुलत होती. तिने वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. पत्रे एकमेकांवर आपटत होते. जड होते मेले. आपण मरणार हे तिला वाटलं, आणि मरायच्या आधी एकच गोष्ट हवी होती, की याने वळावं.

टोळ धुक्यातून आला तो तिच्याच रोखाने. तिला पुढची काच दिसली, काचेमागे एक उघडं तोंड दिसलं. पंख कलता झाला, दुसऱ्या अंगाला, जाळ्यांकडे. वाऱ्याने ती डोंगीत आदळली. मग पाणी फाटल्याचा आवाज झाला, आणि त्यात दोर तुटल्याचे आवाज, एक, दोन, तीन. चार. पाच. टोळ लांब जाऊन थांबला, पंखाला जाळ्यांच्या चिंध्या लोंबत होत्या.

पाच होड्या जागच्या जागी होत्या. माणसं उभी राहून तिच्याकडे बघत होती. सुईवालीने मोजली. अकरातली दहाच भरली, तिने पुन्हा मोजली. मग तिला घरच्या होडीच्या कडेवर पेंग्याचे पाय दिसले. तो अजून झोपला होता.

कुणी तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं तिला नंतर वाटलं. दुपारी एकेका घरची बायको आली आणि जाळ्याचा ओला गठ्ठा ओट्यावर टाकून गेली, न बोलता. शेवटची तांडेलाची बायको.

"स्वतःच्या नवऱ्यासाठी आमच्या ताटात माती कालवलीस."

"तुझाही वाचला," सुईवाली म्हणाली.

"कशातून?"

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. काय दाखवणार होती ती? मोडका बांबू?

तांडेल संध्याकाळी आला, ओट्याखालीच उभा राहिला. "पाचही जाळी तू शिवायची. शिवून होईपर्यंत तुझ्या घरची होडी रांगेत लागणार नाही." नवरा दारात उभा होता, त्याने मान खाली घातली. पेंग्या तिच्याजवळ येऊन बसला. त्याने कान खाजवला.

"वहिनी, खरंच आला होता का गं आमच्यावर? मला काही कळलंच नाही. मी झोपलो होतो."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. पेंग्या घाबरून पाणी आणायला गेला.

जाळी नव्हती म्हणून वस्ती गळ टाकून मासे धरायला लागली. गळाला रांग लागत नाही, म्हणून सुईवालीच्या घरची होडीही निघायची. दिवसभर उन्हात बसून टोपलीचा तळ झाकत नव्हता. पोरं किरकिर करत होती. पण पत्रे आता नुसते घरात ठेवून काय करायचं? जाळंच नाही, बांधणार कशाला? मग ज्याने त्याने तो होडीच्या काठीला अडकवला, उगाच, पडून राहण्यापेक्षा. सुईवालीने ओट्यावरून पाहिलं. पाच होड्या निघाल्या होत्या आणि पाचही काठ्यांवर पत्रे उन्हात चकाकत होते. टोळ आला, लांबूनच वळला, आणि होड्यांना मोठा वळसा घालून रिकाम्या पाण्यात उतरला. हे कुणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. संध्याकाळी बोलणं निघालं ते जाळी कधी होणार याचंच.

ती शिवत होती. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, समोर सासू आणि ती. बोटांच्या चिरांत मीठ झोंबत होतं. बारा दिवसांत चार जाळी झाली. ती दोरीवर लटकली होती, नव्यासारखी. पाचव्याचं हातभर उरलं होतं. तांडेल दोनदा डोकावून गेला होता. पाचही जाळी एकदमच लावायची, रांग मोडायची नाही, असं ठरलं होतं. नवऱ्याने पत्र्यांसाठी नवा दोर कापून ठेवला होता, जाळ्याच्या काठीच्या मापाचा. पाच तुकडे, दाराशी नीट गुंडाळून.

सुईवालीने त्या तुकड्यांकडे पाहिलं. एक गाठ मारली. दुसरी मारली. हातभर जाळं उरलं होतं, ते झालं की उद्या पत्रे जाळ्यांवर जाणार आणि माणसं खोल अंगाला जाऊन झोपणार. तिच्याच हाताने. तिसऱ्या गाठीशी तिची सुई थांबली.

"हात का थांबला?" सासूने विचारलं.

"दोरा संपला, आई."

सुई भरलेली होती, पार टोकापर्यंत. सासूची नजर सुईवर गेली, मग दाराशी गुंडाळलेल्या तुकड्यांवर, मग लांब पाण्यावर, जिथे तिची दोन्ही पोरं गळ टाकून बसली होती आणि त्यांच्या डोक्यावर पत्रा चकाकत होता. मग तिने स्वतःची भरलेली सुई हळूच मांडीवरून खाली ठेवली.

"माझाही संपलाय," ती म्हणाली.